कंपायलर कुणाच्या हातचा?

सरकारी कामासाठी ‘स्वदेशी’ किंवा ‘खुले’ सॉफ्टवेअर वापरायचे ठरले की सगळी चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: सोर्स कोड पाहायला मिळतो का? मिळतो म्हटले की आपण निर्धास्त होतो. वास्तविक संगणक सोर्स कोड चालवतच नाही. माणसाने लिहिलेल्या त्या ओळींचे यंत्राच्या आदेशांत रूपांतर होऊन जी बायनरी फाइल तयार होते, तीच यंत्रावर चालते. हे रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. कोड कितीही स्वच्छ असो, तो कोणत्या कंपायलरने, कोणत्या यंत्रावर आणि कोणती सेटिंग लावून बिल्ड केला, यावर आपल्या हाती काय पडणार ते ठरते. आणि कंपायलर हाही शेवटी प्रोग्रामच. तोही कुणीतरी, कधीतरी, काही पर्याय निवडून बिल्ड केलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे की, जनतेच्या पैशातून घेतलेल्या सॉफ्टवेअरबाबत सोर्स कोडइतकाच त्याच्या बिल्डचाही हिशेब मागितला पाहिजे. आणि कंपायलर सोर्सपासून स्वतः उभा करणे ही आपल्या सार्वजनिक संस्थांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत सरावाची गोष्ट झाली पाहिजे. ही क्षमता नसेल तर एखादे सॉफ्टवेअर ‘आपले’ आहे असे म्हणायला फारसा आधार उरत नाही.

आजचे बहुतांश सॉफ्टवेअर मोजक्याच कंपायलरांच्या हाताखालून जाते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला जीसीसी हा त्यातला जुना आणि भक्कम. डेबियन, उबुंटू, रेड हॅट या लिनक्सच्या प्रमुख डिस्ट्रिब्युशनमधले बहुतेक प्रोग्राम त्याच्यातून निघतात. दुसरा एलएलव्हीएम आणि त्यावर उभा असलेला क्लँग. हा प्रकल्प २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी सुरू केला. अडवे हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. आयफोनमधले प्रोग्राम आणि अँड्रॉइड प्रणालीचा मोठा भाग आज याच कंपायलरमधून तयार होतो. दोन्हींचे सोर्स कोड कुणालाही उतरवून घेता येतात, बदलता येतात, स्वतः बिल्ड करता येतात. एवढी महत्त्वाची साधने जगाला अशी खुली मिळाली हे मोठे भाग्य आहे, आणि त्याचा आपण किती कमी उपयोग करतो याचे वाईट वाटते.

जीसीसी सोर्सपासून बिल्ड करताना नेमके काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सोर्स उतरवून घ्यायचा, त्याच्या जोडीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररी घ्यायच्या, सोर्सच्या बाहेर एक वेगळे रिकामे फोल्डर करायचे आणि तिथून ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवायची. पडद्यावर भराभर ओळी सरकू लागतात. या यंत्रावर असेंब्लर कोणता आहे, लिंकर कोणता आहे, अमुक फंक्शन उपलब्ध आहे का, असे शेकडो प्रश्न स्क्रिप्ट यंत्राला विचारते आणि उत्तरांवरून पुढच्या कामाचा आराखडा म्हणजे मेकफाइल तयार करते. मग ‘मेक’ हा आदेश द्यायचा. आता काम तीन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत यंत्रावर आधीपासून असलेला कंपायलर नव्या जीसीसीला बिल्ड करतो. दुसऱ्या फेरीत हा नवा जीसीसी स्वतःच्याच सोर्समधून पुन्हा स्वतःला बिल्ड करतो. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीचा जीसीसी तेच काम आणखी एकदा करतो. त्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत तयार झालेल्या फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या तरच काम पुढे सरकते, फरक आढळला तर बिल्ड तिथेच थांबते. साध्या लॅपटॉपवर या सगळ्याला काही तास लागू शकतात. स्वतःची अशी परीक्षा घेणारी साधने अभियांत्रिकीत फार नाहीत, आणि ज्याने ही परीक्षा एकदा पाहिली त्याला कंपायलर ही वरून मिळालेली, हात न लावण्याची वस्तू वाटत नाही.

आता सेटिंगकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. कॉन्फिगर चालवताना जे पर्याय द्यायचे त्यांत कोणत्या भाषा हव्यात, कोणत्या प्रोसेसरसाठी आदेश तयार करायचे, कंपायलर कुठे बसवायचा अशा साध्या गोष्टी असतात. पण काही पर्याय असे असतात की ते एकदा निवडले की त्या कंपायलरमधून पुढे निघणाऱ्या हजारो प्रोग्रामांचा स्वभाव ठरून जातो. जीसीसीला बिल्ड करतानाच सांगता येते की, तू तयार केलेला प्रत्येक प्रोग्राम मेमरीत कोणत्याही पत्त्यावर बसू शकेल असा कर. ‘डिफॉल्ट पीआयई’ म्हणतात तो हा पर्याय. तो लावला असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम दर वेळी प्रोग्राम वेगळ्या पत्त्यावर चढवू शकते आणि हल्लेखोराला नेमकी जागा हेरणे अवघड जाते. लावला नसेल तर हे संरक्षण, प्रोग्राम लिहिणाऱ्याने आठवणीने मागितल्याशिवाय, मिळत नाही. डेबियनने २०१७ च्या आपल्या नवव्या आवृत्तीपासून बहुतेक प्रोसेसरांसाठी ही सवय कंपायलरमध्येच घालून दिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एक अक्षर बदलले नव्हते, तरी त्यांचे प्रोग्राम अधिक सुरक्षित झाले. लिनक्सच्या यंत्रावर ‘जीसीसी’ लिहून पुढे उणेचे चिन्ह आणि रोमन ‘व्ही’ दिला की कंपायलर आपली ओळख सांगतो आणि त्यात तो कोणत्या पर्यायांनी कॉन्फिगर झाला ती लांबलचक ओळही छापतो. ती कुणीही वाचू शकतो. सरकारी यंत्रणांत ती कितीशी वाचली जात असेल?

सेटिंगचा परिणाम सुरक्षेपुरता नाही. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त संगणक आला तेव्हा त्याच्यापुढे एक विचित्र अडचण होती. डेबियनची जी नवी आवृत्ती एआरएम प्रोसेसरचे अपूर्णांकांचे गणित थेट हार्डवेअरमध्ये करवून घेत होती, ती पायच्या चिपपेक्षा नव्या पिढीच्या चिपसाठी बिल्ड केलेली होती, म्हणून ती पायवर चालेना. जी जुनी आवृत्ती चालत होती ती हार्डवेअरचे हे बळ न वापरता तेच गणित सॉफ्टवेअरमध्ये करी आणि मंद पडे. चिपमध्ये ताकद असून ती वाया जात होती. यावर काही स्वयंसेवकांनी कंपायलरच्या मूळ सेटिंग पायच्या चिपला जुळतील अशा बदलल्या आणि डेबियनची हजारो पॅकेजे त्यातून नव्याने बिल्ड केली. रास्पबियन म्हणून पुढे जगभरच्या शाळांत पोहोचलेली प्रणाली ती हीच. तिच्यासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहावी लागली नाही. ही माणसे कंपायलरच्या सेटिंग समजून घेऊ शकत होती आणि पुन्हा बिल्ड करायचे कष्ट घ्यायला तयार होती, म्हणून ते जमले.

बिल्डच्या टप्प्यात विश्वासघात कसा होऊ शकतो हे केन थॉम्प्सन यांनी चार दशकांपूर्वी दाखवून दिले. युनिक्सचे हे एक जनक. ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ मध्ये छापून आलेल्या भाषणात त्यांनी असा कंपायलर वर्णन केला, जो लॉगिनचा प्रोग्राम ओळखून त्यात चोरदरवाजा घालतो, आणि स्वतःचाच सोर्स कंपाइल करायला दिला की ही लबाडी नव्या कंपायलरमध्येही गुपचूप उतरवतो. त्यानंतर सोर्स कितीही तपासा, त्यात काहीच सापडत नाही. पुष्कळ वर्षे हे बुद्धीचे कसब म्हणून वर्गात शिकवले गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये चीनमध्ये त्याचा एक ढोबळ अवतार प्रत्यक्ष दिसला. ॲपलची विकासप्रणाली एक्सकोड अधिकृत सर्व्हरवरून उतरवायला तिथे फार वेळ लागे, म्हणून अनेक विकासक ती स्थानिक फाइल-शेअरिंग सेवेवरून घेत. तिथे कुणीतरी बिघडवलेली प्रत ठेवली होती. तिच्यातून बिल्ड झालेल्या ॲपमध्ये विकासकांच्या नकळत घातक कोड शिरला, आणि त्यांत वीचॅटसारखे कोट्यवधी लोकांचे ॲपही होते. सोर्स स्वतःचा, लिहिणारे प्रामाणिक, तरी बायनरी दूषित.

सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचे असेच प्रकरण डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या बिल्ड करणाऱ्या यंत्रावर एक प्रोग्राम पेरला होता. बिल्ड सुरू झाले की तो एक सोर्स फाइल गुपचूप बदलायचा आणि बिल्ड संपले की मूळ फाइल जागेवर ठेवायचा. कोडचा साठा तपासणाऱ्याला काही दिसत नव्हते, आणि तयार झालेल्या अपडेटवर कंपनीची अधिकृत डिजिटल सही होती. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट पोहोचले, त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. त्याहून बोलका प्रसंग मार्च २०२४ चा. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी साधी लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता, पण तो वाचता येईल अशा कोडमध्ये नव्हता. त्याचा ऐवज चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत लपवला होता, आणि तो बाहेर काढणारी कॉन्फिगरची ओळ प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, कोडच्या सार्वजनिक गिट साठ्यात नव्हती. शिवाय ती स्क्रिप्ट आधी चौकशी करायची: आपण ६४ बिटच्या इंटेल-प्रकारच्या लिनक्ससाठी बिल्ड होत आहोत का, कंपायलर जीसीसी आहे का, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज तयार होत आहे का. उत्तर होकारार्थी आले तरच विष मिसळायचे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर जाण्याच्या सोयीने, लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो आहे असे जाणवले, त्याने चिकाटीने माग काढला आणि २९ मार्चला हे जाहीर केले, म्हणून जग वाचले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे चुकीच्या दिशेला जाईल. एक्सझेडचा हल्ला सोर्सपासून बिल्ड करणाऱ्यांवरच झाला होता. तेव्हा ‘सोर्सपासून बिल्ड केले म्हणजे आपण सुरक्षित’ हे सूत्र खोटे आहे. डोळे मिटून कॉन्फिगर आणि मेक चालवणे हे तयार बायनरी उतरवण्याइतकेच आंधळे काम आहे. फरक पडतो तो तीन-चार ठिकाणी स्वतंत्रपणे बिल्ड होऊन निकाल ताडून पाहिले गेले तर, प्रसिद्ध केलेला गठ्ठा आणि सार्वजनिक साठा यांची तुलना झाली तर, आणि कॉन्फिगरची स्क्रिप्ट हाही वाचण्याचा कोड आहे हे मान्य झाले तर. याच विचारातून डेबियनने २०१३ पासून एक मोहीम चालवली आहे. तोच सोर्स, तोच कंपायलर, त्याच सेटिंग दिल्या तर कुठल्याही यंत्रावर अगदी शेवटच्या बिटपर्यंत तीच बायनरी निघाली पाहिजे. ऐकायला हे आपोआप घडणारे वाटते, पण घडत नसे. बायनरीत बिल्डची तारीख-वेळ शिरते, फोल्डरचे नाव शिरते, फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या गेल्या त्याचा ठसा उमटतो. असे शेकडो बारीक दोष एकेक करून काढत चाचण्यांत डेबियनची ९० टक्क्यांहून जास्त पॅकेजे या कसोटीला उतरू लागली. सिग्नल या संदेश-सेवेने आपल्या अँड्रॉइड ॲपसाठी २०१६ पासून ही सोय ठेवली आहे. प्ले स्टोअरमधले ॲप प्रसिद्ध कोडमधूनच आले का, हे बाहेरचा माणूस स्वतः बिल्ड करून ताडू शकतो.

आता आपल्याकडे पाहू. भारत सरकारने २०१५ मध्ये खुले सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने डेबियनवर आधारित बॉस लिनक्स त्याच्या कितीतरी आधी आणले होते, आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित माया ही प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅककडे याची जाण नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. माझा आक्षेप आपल्या अपेक्षांवर आहे. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला झाला तेव्हा त्याचे योग्यच स्वागत झाले. पण कोट्यवधी फोनांत बसलेली बायनरी त्याच कोडमधून, कोणत्या साधनांनी, कोणत्या सेटिंग लावून निघाली, आणि नागरिकाला ती ताडून पाहता येईल का, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत मध्यभागी यायला हवा होता. तसे झाले नाही. दोष एका ॲपचा नाही. धोरण सोर्स कोडपाशी थांबते आणि आपणही तिथेच थांबतो.

देशी प्रोसेसरांच्या बाबतीत तर यातून सुटका नाही. आयआयटी मद्रासची शक्ती आणि सी-डॅकची वेगा ही प्रोसेसर-कुटुंबे रिस्क-फाइव्ह या खुल्या आदेशसंचावर उभी आहेत. हा आदेशसंच मुद्दाम तुकड्यातुकड्यांचा ठेवला आहे. मूळ गाभा लहान, आणि गुणाकार-भागाकार, अपूर्णांकांचे गणित, दाबून आखूड केलेले आदेश हे सगळे ऐच्छिक. चिप बनवणारा त्यातले हवे ते घेतो. त्यामुळे कंपायलर बिल्ड करताना किंवा वापरताना त्याला सांगावे लागते की या चिपमध्ये काय आहे आणि काय नाही. ज्या छोट्या चिपमध्ये अपूर्णांकांचे गणित नाही तिच्यासाठी ते गृहीत धरणारा कंपायलर वापरला तर प्रोग्राम त्या आदेशाशी येऊन मोडतो. उलट चिपमध्ये ते असून कंपायलरला सांगितले नाही, तर पैसे मोजून बसवलेले सर्किट निष्क्रिय पडून राहते. म्हणजे स्वतःचा प्रोसेसर करायचा तर त्याच्या मापाची टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधने, बिल्ड करणारी माणसे आधी हवीत, आणि ती दहा-वीस नव्हे, हजारोंनी हवीत. चिपच्या कारखान्यांसाठी जाहीर होणाऱ्या मोठ्या रकमांच्या बातम्यांत या माणसांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे काम डेबियन, रेड हॅटची मंडळी चोख करतात, मग आपण पुन्हा कशाला करायचे? श्रमविभागणीवरच जग चालते. आक्षेप रास्त आहे, आणि सामान्य वापरकर्त्याने डिस्ट्रिब्युशनची तयार पॅकेजेच वापरावीत, त्यातच त्याचे हित आहे. मात्र प्रत्येक ग्राहक घरी वजने तपासत नाही म्हणून सरकारने दुकानातला काटा ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारणे सोडलेले नाही. कुणीतरी स्वतंत्र, उत्तरदायी यंत्रणा पडताळणी करते म्हणून बाकीचे विश्वास ठेवू शकतात. महसूल, आरोग्य, वीज, बँका ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्यासाठी अशी यंत्रणा देशात असावी, एवढेच मागणे आहे. सर्वांनी बिल्ड करावे असे नाही. कुणीतरी आपल्या बाजूने करून, ताडून, निकाल जाहीर करावा.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. कंपायलर बिल्ड करायला आधीचा कंपायलर लागतो, त्याला त्याच्या आधीचा. हा शोध संपणार कुठे? थॉम्प्सन यांच्या भाषणाने ही निराशा अनेकांच्या मनात रुजवली, पण तिच्यावर दोन उत्तरे सापडली आहेत. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात दाखवले की, संशयित कंपायलरचा सोर्स एका वेगळ्याच, स्वतंत्र घराण्यातल्या कंपायलरने बिल्ड करायचा, त्यातून निघालेल्या कंपायलरने तोच सोर्स पुन्हा बिल्ड करायचा, आणि निकाल संशयित बायनरीशी बिटागणिक ताडायचा. दोन्ही घराण्यांत नेमकी एकच लबाडी असण्याची शक्यता जवळपास नाही, त्यामुळे लपलेला बदल उघडा पडतो. दुसरे उत्तर अधिक मुळाशी जाणारे. ग्नू गिक्स या लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्या प्रकल्पाने २०२३ मध्ये आपली संपूर्ण प्रणाली अवघ्या ३५७ बाइटच्या एका प्रोग्रामपासून सुरू होईल अशी साखळी पूर्ण केली. त्या ३५७ बाइटपासून थोडा मोठा प्रोग्राम, त्यातून आणखी मोठा, मग एक लहानसा सी कंपायलर, मग शुद्ध सी भाषेत लिहिलेला जीसीसीचा जुना २.९५, आणि त्यातून पायरीपायरीने आजचा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला जीसीसी. ३५७ बाइट हा माणसाला बसून अक्षर न अक्षर वाचता येईल असा ऐवज आहे. साखळीला अंत आहे, आणि तो हाताच्या अंतरावर आणलेला आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. कंपायलरमधले चोरदरवाजे दुर्मीळ. आपल्याकडची गळती होते ती कमकुवत पासवर्ड, न बसवलेले अपडेट आणि निष्काळजी कोडमुळे. आधी ते सावरा. हे खरे आहे, आणि प्राधान्य ठरवताना ते विसरू नये. पण बिल्डवर हुकूमत असणे या साध्या संकटांतही कामी येते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या संकेतीकरणाच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघड झाला, ज्यातून सर्व्हरच्या मेमरीतली गुपिते बाहेर काढता येत होती. ओपनएसएसएलच्या चमूने दुरुस्त आवृत्ती दिली आणि सोबत सांगितले की, ज्यांना लगेच नवी आवृत्ती बसवता येणार नाही त्यांनी दोष असलेली हार्टबीटची सोय बंद करणारी एक सेटिंग लावून आपली आहे तीच प्रत पुन्हा कंपाइल करावी. एक सेटिंग, आणि दार बंद. ज्यांच्याकडे सोर्स, टूलचेन आणि बिल्डची रीत तयार होती त्यांना हा मार्ग त्याच दिवशी खुला होता. ज्यांच्याकडे ठेकेदाराने दिलेली बायनरी होती त्यांना ठेकेदाराच्या फोनची वाट पाहण्याखेरीज काही करता येण्यासारखे नव्हते. ठेका संपला असेल तर तेही नाही.

गुप्ततेचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. संरक्षण किंवा बँकिंगचा सगळा कोड जाहीर करा असे कुणी म्हणत नाही. गोपनीयतेच्या बंधनाखाली एखाद्या स्वतंत्र सरकारी प्रयोगशाळेने तो पुन्हा बिल्ड करून ताडला तरी पुरते. कोड पाहणारे मूठभर असतील, पडताळणीचा निकाल मात्र सर्वांना कळेल.

राहिला प्रश्न माणसांचा आणि खर्चाचा. इथे महाराष्ट्राने तरी हात टेकायचे कारण नाही. सिस्टिम्स प्रोग्रामिंग आणि कंपायलर हे विषय इथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांच्या पुस्तकांवरून शिकल्या. त्याच संस्थेत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीसाठी खास केंद्र उभे राहिले, आणि जीसीसीची आतली रचना समजावणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. परंपरा आहे, शिकवणारे आहेत. तरीही बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत कंपायलरचा विषय लेक्स आणि याक वापरून छोटा गणकयंत्राचा प्रोग्राम करण्यापाशी संपतो. व्याकरण कळते, पण कारखान्यात चालणारे यंत्र उघडून पाहायला मिळत नाही. यंत्रे दुबळी आहेत हे कारण पुरेसे नाही. एलएलव्हीएमचे सगळ्या चाचणी-सोयींसह डीबग बिल्ड केले तर १५ ते २० जीबी जागा लागते आणि लिंक करताना रॅम अपुरी पडून यंत्र गुदमरते, हे खरे. पण रिलीज प्रकार निवडला, एकाच प्रोसेसरचे लक्ष्य ठेवले, नको ते उपप्रकल्प वगळले आणि एका वेळी एकच लिंक होऊ दिले, तर तेच काम साध्या प्रयोगशाळेत रात्रभरात होऊ शकते. सेटिंग निवडायला शिकणे हाच तर अभ्यास आहे. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच हे १९९९ पासून विकसित होत आलेले पुस्तक फुकट मिळते. त्यात संपूर्ण प्रणाली हाताने उभी करायला शिकवतात, आणि प्रत्येकाचे यंत्र वेगळे म्हणून वेळही मिनिटांत न सांगता पहिले पॅकेज बिल्ड व्हायला लागलेल्या काळाच्या पटीत सांगतात. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक संगणक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने एकदा जीसीसी किंवा एलएलव्हीएम वेगवेगळ्या सेटिंग लावून बिल्ड करावा, एकच छोटा प्रोग्राम दोन्ही बिल्डमधून काढून बायनरीतला फरक दाखवावा आणि त्याचे कारण तोंडी सांगावे, एवढे विद्यापीठांनी अभ्यासक्रमात घातले तर नवा पैसा फारसा लागणार नाही.

सरकारकडून अपेक्षा आहे ती निविदेच्या पातळीवर. सॉफ्टवेअर सोपवताना ठेकेदाराने सोर्ससोबत बिल्डची पूर्ण रीत द्यावी. कंपायलरची नेमकी आवृत्ती, तो कोणत्या पर्यायांनी कॉन्फिगर झाला, वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती, हे सगळे लेखी असावे. त्या रीतीने खात्याच्या यंत्रावर, ठेकेदाराचा माणूस समोर नसताना, बिल्ड करून पाहावे. निघालेली बायनरी दिलेल्या बायनरीशी जुळली तरच शेवटचा हप्ता द्यावा, आणि जुळली नाही तर फरकाचे लेखी स्पष्टीकरण घ्यावे. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी ती जुळणार नाही. डेबियनचीही पहिल्या दिवशी जुळली नव्हती. महाराष्ट्र शासनाने सातबारा, जन्ममृत्यू नोंदणी किंवा शिष्यवृत्तीच्या प्रणालींपैकी कोणतीही एक निवडून येत्या निविदेत ही अट घालावी, आणि पहिल्या पडताळणीचा निकाल, तो कसाही असो, जाहीर करावा.